पोटातला जंतू आणि कॅन्सरची धास्ती

‘एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे आता कॅन्सर होणार का?’ हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणाऱ्याने बहुधा आदल्या रात्री मोबाईलवर नको तेवढं वाचलेलं असतं. बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हे आधी सांगतो. पण म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून पित्ताच्या गोळ्या चालू ठेवायच्या, हेही बरं नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला पेलायो कोरेआ या कोलंबियातल्या पॅथॉलॉजिस्टचं काम पाहावं.

कोलंबियाच्या नैर्ऋत्य टोकाला नरिन्यो नावाचा प्रांत आहे. तिथल्या अँडीज डोंगरातल्या गावांत जठराचा कॅन्सर भरपूर आणि त्याच प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर अगदी कमी. फरक सुमारे २५ पटींचा. कोरेआंनी डोंगरातल्या लोकांच्या जठराचे तुकडे वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दिसलं की कॅन्सर अचानक उगवत नाही, पायऱ्या चढत येतो. आधी जठराच्या अस्तराला जुनाट सूज, मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथींची झीज, मग अस्तराला आतड्यासारखं रूप येणं, त्यानंतर पेशींची बिघडलेली वाढ आणि शेवटी कॅन्सर. या प्रवासाला काही दशकं लागतात, आणि बहुतेक माणसं खालच्याच पायऱ्यांवर राहतात.

गंमत अशी, की हा आराखडा त्यांनी १९७५ मध्ये मांडला तेव्हा पहिल्या पायरीवरची सूज कोण आणतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ती सूज आणणारा एच. पायलोरी हा जंतू ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी प्रयोगशाळेत वाढवला तो १९८२ मध्ये. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरकारक ठरवलं. जपानमधल्या २००१ च्या एका अभ्यासात पोटाच्या तक्रारी असलेल्या रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं होतं. जंतू असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला, जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही.

मग नरिन्योच्या किनाऱ्यावर जंतू नव्हता का? होता, डोंगराइतकाच. पण जंतूचा वाण, माणसाचा वंश, आहार, पोटातले जंत अशा अनेक गोष्टी मध्ये येतात. आपल्याकडचं चित्र किनाऱ्याशी जुळतं. भारतात लहानपणापासूनच हा जंतू कितीतरी जणांच्या पोटात असतो, तरी महाराष्ट्रात जठराचा कॅन्सर तुलनेने कमी आहे. मिझोराममध्ये मात्र त्याचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, ज्याला ते तुइबुर म्हणतात, यांच्याकडे संशोधकांचं बोट आहे. आपण उगाच मिरचीला बदनाम करतो. लक्ष ठेवायचं ते मिठावर: पापड, लोणचं, खारवलेली सुकी मासळी. आणि बिडी-सिगारेट सोडायची.

आता तपासणीबद्दल. साधं पित्त झालं म्हणून धावत एंडोस्कोपी करू नका. पण जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल, आई-वडील किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला असेल, कारण न सापडता लोह कमी होत असेल, तर जंतूची तपासणी करून घ्या. वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं यांपैकी काही असेल तर थांबू नका, थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं तरीही.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी मी सहसा सांगत नाही. जंतू गेल्यावरही ती कितीतरी दिवस पॉझिटिव्ह येत राहते. श्वासाची किंवा शौचाची चाचणी चांगली. त्याआधी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे बंद हव्यात आणि चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गोळ्या बंद करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः अल्सर असेल तर.

उपचार साधारण १४ दिवसांचा, तीन-चार औषधं एकत्र. तोंड कडू होतं, मळमळतं. बिस्मथ असेल तर शौच काळी होते, घाबरू नका. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून पुडी बाजूला ठेवणारे खूप भेटतात. आपल्याकडे यातल्या काही अँटिबायोटिकना जंतू आधीच दाद देत नाही. अर्धवट कोर्सने तो आणखी निर्ढावतो. कोर्स संपून किमान चार आठवडे झाले की पुन्हा चाचणी करा. हे कुणीच करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जंतू घालवल्याने वरच्या पायरीवरून खाली येता येतं का? कोरेआंनीच नरिन्योत प्रयोग केला. कॅन्सरपूर्व बदल असलेल्या काही जणांचं अस्तर उपचारानंतर सुधारलं, सगळ्यांचं नाही. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘इंटेस्टिनल मेटाप्लेसिया’ (म्हणजे अस्तराला आतड्यासारखं रूप येणं) असे शब्द असतील, तर जंतू गेल्यावरही काही वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. ते बदल किती पसरलेत यावर आहे. तेव्हा जुना रिपोर्ट फाईलला लावून ठेवा, पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.