एकदा वापरलेले पिंप : घ्यावे कसे, राखावे कसे



गळीत हंगामात आपली आसवनी पाहायला येणाऱ्यांपैकी एखादा तरी मला हटकून विचारी, "साहेब, आपलं स्पिरिट लोखंडी टाकीत, मग तिकडच्या लोकांची दारू लाकडाच्या पिंपात कशाला?" नोकरीत असताना मी पुस्तकातले उत्तर देऊन मोकळा होई. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेतील केंटकी राज्यात राहण्याचा योग आला. तिथे असे एक वापरलेले पिंप मी हौसेने विकत घेतले आणि माझ्याच चुकीने ते मोडले. मग दुसरे घेतले. खरे उत्तर कळले ते तेव्हा.

आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली तिकडे नोकरीला आहेत. व्हरांड्यात, बागेत असे पिंप ठेवण्याची तिकडे मोठी हौस आहे. दारू प्यावी की न प्यावी हा या लेखाचा विषय नव्हे. विषय लाकडाचा आहे.

एवढी पिंपे येतात कुठून?

केंटकी हे बर्बन नावाच्या व्हिस्कीचे माहेर. बर्बनच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो, आणि तयार झालेले मद्य ओकच्या नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या भांड्यातच मुरवावे लागते. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली उठली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हे नियम कायद्यात आले. नवे कोरे याचा अर्थ असा की एकदा बर्बन मुरवून झाले की ते पिंप त्या कामातून बाद. अजून पन्नास वर्षे टिकेल असे मजबूत भांडे, पण बर्बनवाल्याला त्याचा उपयोग नाही. त्या राज्यात आज माणसांपेक्षा भरलेली पिंपेच जास्त आहेत. त्यावरून रिकामी होणारी किती असतील याचा अंदाज करावा.

ही बाद पिंपे जगभर जातात. स्कॉटलंडची व्हिस्की बहुतांशी त्यांतच मुरते. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे रम. जमैका, बार्बाडोस या ऊस पिकवणाऱ्या बेटांवर मळीपासून रम होते, आपल्याकडे जी मळी निघते तीच, आणि ती मुरते मक्याच्या दारूने टाकलेल्या पिंपात! लुइझियाना हे अमेरिकेतले उसाचे राज्य. तिथल्या एव्हरी आयलंड येथे टबॅस्को नावाचा तिखट सॉस होतो. त्याची वाटलेली मिरची अशाच पिंपांत तीन-तीन वर्षे मुरवतात आणि झाकणावर मिठाचा जाड थर देतात. आपल्या देशातही बंगळूरची अमृत आणि गोव्याची पॉल जॉन या माल्ट व्हिस्की केंटकीहून आलेल्या पिंपांत मुरतात.

पिंपाची घडण

या पिंपात ५३ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर मावते. रिकामे पिंप पन्नास किलोच्या आसपास भरते. पांढऱ्या ओकच्या तीसेक फळ्या, दोन्ही टोकांना झाकणे, बाहेरून सहा लोखंडी पट्टे आणि पोटाला बुचाचे एक भोक. फळ्यांच्या सांध्यात ना खिळा, ना सरस. मग ते गळत कसे नाही? लाकूड ओले होऊन फुगते आणि फळ्या एकमेकींना दाबून धरतात म्हणून. सगळी ताकद त्या ओलाव्यात आहे.

हे आपल्या जुन्या माणसांना सांगायला नको. उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक खुळखुळू लागले, धाव सैल झाली, की चाक ओढ्यात बुडवून ठेवीत. रात्रभरात आरे फुगून चाक पुन्हा घट्ट. पिंपाचे शास्त्र तेच. ही गोष्ट मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली, आणि ऐन वेळी नेमकी तीच विसरलो.

आतून जाळण्याचेही सांगतो. नव्या पिंपात आगीचा झोत सोडून आतला पृष्ठभाग कोळसा होईतो जाळतात. पंधरा सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत, जसा माल हवा तसे. कोळशामागच्या लाकडात उष्णतेने साखर सुटते आणि ती करपते. गुऱ्हाळावर काकवी जास्त तापली की लालसर होऊन खमंग वास सुटतो, तसेच. बर्बनमध्ये वरून रंग घालायला बंदी आहे. त्याचा सगळा लाल रंग या जळलेल्या लाकडातून उतरतो. लोखंडी टाकी हे काम कशी करणार? सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर हे.

माझी चूक

२०१८ च्या दिवाळीनंतर मी पहिले पिंप आणले. विकणाऱ्याने सांगितले, नुकतेच रिकामे केलेले आहे. बूच काढले तर आतून व्हॅनिला आणि ओल्या लाकडाचा असा वास, की लेक म्हणाली, "आबा, हे काय आणलंत, घरभर वास सुटलाय!" बेत होता त्याचे गोल मेज करण्याचा. थंडी सुरू झालेली, म्हणून पिंप तळघरात ठेवले, घर तापवणाऱ्या भट्टीच्या शेजारी. वास जावा म्हणून बूचही उघडे ठेवले. म्हटलं, उन्हाळा आला की कामाला लागू.

मार्चमध्ये ते बाहेर काढायला गेलो. आडवे करून एक गिरकी दिली आणि वरचे दोन पट्टे खळकन घसरून पायाशी आले. पिंप उमलल्यासारखे उघडले आणि तीसेक फळ्या जमिनीवर पसरल्या. झाकण माझ्या नडगीवर आदळले ते वेगळेच. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, सगळी हयात सुतारकामात गेलेली, ते बघायला आले. पुन्हा बांधता येईल का, असे मी विचारले. ते म्हणाले, "येईल. पण त्याला निराळा कारागीर लागतो. तुमचं-माझं काम नव्हे." फळ्या प्रत्येक वेगळ्या रुंदीच्या असतात, कोणती कोणाशेजारी होती हे आता कोण सांगणार? दीडशे डॉलर आणि चार महिने त्या भट्टीने खाल्ले.

तात्पर्य, पिंप घरात येण्याआधीच ठरले पाहिजे की ते ओले ठेवायचे की कोरडे करायचे. अधांतरी ठेवलेले पिंप मोडते.

घेताना काय पाहावे

सर्वांत आधी नाक. बुचाच्या भोकाशी वास घ्यावा. गोडसर, लाकडी, मद्याचा वास आला तर ठीक. आंबट शिरक्यासारखा किंवा बुरशीचा आला तर त्यात खाण्यापिण्याची वस्तू ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. मग पट्टे हाताने हलवून पाहावे, फळ्यांमध्ये फट दिसते का पाहावी. बाहेरचे काळे ओघळ ही गळतीची जुनी खूण. केवळ शोभेसाठी हवे असेल तर ओघळांचे काही वाटून घेऊ नये. पूर्वी त्यात काय होते हे विकणारा सांगू शकत नसेल, तर ते घेऊच नये. आपल्याकडे कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरणारे महाभाग आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ओले ठेवायचे असेल तर

काही लोक त्यात विकतची व्हिस्की, शिरका किंवा मेपलच्या झाडाचा पाक मुरवतात. त्यांनी पिंप आणल्यापासून बूच घट्ट लावून सावलीत ठेवावे आणि आठ-पंधरा दिवसांत भरून टाकावे. लाकडात मुरलेले मद्य तेवढे दिवस आतून ओलावा धरते.

थोडे सुकलेच तर चाकाचा उपाय. पिंप उभे करावे. पट्टे हातोडी आणि बोथट छिन्नीने टोकाकडून पोटाकडे ठोकत घट्ट बसवावेत, सगळीकडून सारखे, एकाच बाजूने नव्हे. वरच्या झाकणावर कडकडीत पाणी ओतून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी उलटे करून दुसऱ्या बाजूला तसेच. मग आत पाणी भरावे. पहिल्या दिवशी गळते, घाबरू नये. दोन-तीन दिवसांत बहुधा थांबते. पाणी मात्र तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर ते वास मारते आणि तो वास लाकूड सोडत नाही. भरलेले पिंप अडीचशे किलोपर्यंत जाते, तेव्हा जिथे ठेवायचे तिथेच ठेवून भरावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर देतात, हे सभासदांना माहीत आहे. द्राक्षाच्या मद्याची रिकामी पिंपे राखायलाही आत गंधकाची वात जाळतात. ते वाचून कोणी बर्बनच्या पिंपात पेटती वात सोडू नये. त्यात मद्याची वाफ असते आणि तिचा भडका उडतो. आपल्याकडे डिझेलचे रिकामे बॅरल गॅसने कापताना होणारे अपघात याच जातीचे. भरल्यापेक्षा रिकामे भांडे जास्त घातक, कारण वाफेला हवा मिळते. बुचाच्या भोकाशी काडी, बिडी, वेल्डिंग काही नको. कापण्यापूर्वी दोन-तीनदा पाण्याने भरून रिकामे करावे आणि करवतीने कापावे. ठिणग्या उडवणारे यंत्र वापरू नये.

कोरडे करायचे असेल तर

दुसरे पिंप मी २०१९ च्या मे महिन्यात आणले आणि आठवड्याच्या आत कामाला लागलो. लाकूड ओले असतानाच पट्ट्यांना भोके पाडून प्रत्येक फळीत एक-एक स्क्रू पिळला. कंटाळवाणे काम आहे, पण यात आळस केला की माझ्या पहिल्या पिंपाची गत होते. एकदा स्क्रू बसले की लाकूड कितीही आकसो, फळ्या फटी पडून का होईना जागेवर राहतात. कुंड्या करायच्या म्हणून ते मधोमध कापले. कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे पक्के झाल्याची खात्री करून घ्यावी. तळाला अर्ध्या इंचाची पाच-सहा भोके पाडली. आतला कोळसा तसाच ठेवला, त्याने झाडांचे बिघडत नाही. हात आणि धोतर मात्र काळे होते. मातीचा ओलावा राहत असल्याने कुंडीच्या फळ्या फुगलेल्याच राहतात.

पट्टे साध्या लोखंडाचे, ते गंजतात. तारेच्या ब्रशने घासून वर रंगहीन वार्निश दिले. लाकडाला बाहेरून जवसाचे तेल चोळले. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या. खाण्यापिण्याच्या पिंपाला आतून तेल-वार्निश काहीही लावू नये.

कोणी पावसाचे पाणी साठवायला पिंप ठेवतात. त्याला डासांची जाळी हवी, ते पाणी पिण्यासाठी वापरू नये, आणि बर्फ पडण्याआधी ते रिकामे करावे, कारण गोठलेले पाणी फळ्या फोडते.

मोडलेल्या पहिल्या पिंपाचेही सोने झाले म्हणायचे. त्याच्या बाकदार फळ्यांना आकडे ठोकून कोट अडकवायच्या खुंट्या केल्या. चार फळ्या सुतारबाबांनी नेल्या आणि त्यांची खुर्ची करून पाठवली. दोन कुंड्यांपैकी एकीत पुदिना आहे, दुसरीत लेक उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर लावते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, पुदिन्याच्या कुंडीच्या तळाची एक फळी मऊ पडली आहे. मी कुंडी थेट जमिनीवर टेकवली होती. आता तिने खाली तीन विटा घातल्या आहेत.