वाक्-श्रवण विज्ञान : पदवीच्या वर्षांतच संशोधनाची वाट

ऐकण्यातील दोषांचे निदान करणारे श्रवणविज्ञान आणि उच्चार, आवाज व भाषा यांतील अडचणींवर उपचार करणारे वाक्-भाषा विज्ञान या दोन्ही शाखांचा पदवी अभ्यासक्रम भारतात एकच असून तो ‘बीएएसएलपी’ या नावाने ओळखला जातो. त्यात तीन वर्षांचे अध्ययन आणि एका वर्षाची आंतरवासिता असते. म्हैसूर येथील १९६५ सालची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तसेच मुंबईचे नायर रुग्णालय व पुण्याचे भारती विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते. वैद्यकीय प्रवेश हुकल्यावरची सोय म्हणून या पदवीकडे पाहणाऱ्या पालकांची संख्या मोठी आहे, आणि संशोधन म्हणजे पोटापाण्याची सोय झाल्यावर करावयाची हौस अशीही त्यांची समजूत असते. या क्षेत्रापुरती तरी ती चुकीची आहे, कारण दवाखान्यात रोज वापरावयाची साधनेच, म्हणजे शब्दसूची, उच्चारचाचण्या आणि वयानुसार भाषाविकासाचे टप्पे, प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे घडवावी लागतात आणि त्या कामासाठी ती भाषा लहानपणापासून बोलणारा अभ्यासक लागतो.

मराठीच्या बाबतीत ही गरज विशेष ठळक आहे. हिंदीसाठी केलेली उच्चारचाचणी मराठी मुलाला लावली, तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन वेगळे च तपासलेच जात नाहीत आणि ळ तर सूचीतच सापडत नाही. उलट, वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ न म्हणता ‘डोया’ म्हणाले, तर तो बोलीचा रिवाज आहे, वाग्दोष नव्हे; हा भेद न जाणणारा उपचारक निरोगी मुलाला उपचाराला बसवील आणि खरा दोष बोलीच्या खात्यावर टाकून मोकळा होईल. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयापर्यंत कोणते उच्चार स्थिरावतात याची व्यवस्थित नोंद करणे हा पदवीच्या विद्यार्थ्यालाही पेलणारा विषय आहे, मात्र त्यासाठी अंगणवाड्यांमधून चिकाटीने हिंडण्याची तयारी हवी.

याच भाषेने जागतिक ध्वनिविज्ञानालाही एक पेच घातलेला आहे. लिस्कर व अब्रॅमसन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६४ साली अकरा भाषांतील स्पर्शव्यंजनांचे मापन प्रसिद्ध केले. ओठ किंवा जीभ यांनी अडवलेली हवा सुटल्यानंतर स्वरतंतूंचे कंपन किती मिलिसेकंदांनी सुरू होते, किंवा सुटण्याआधीच सुरू झालेले असते, हे त्यांनी मोजले. बहुतेक भाषांतील व्यंजनांचे गट या एका मापाने वेगळे पडले. परंतु हिंदी आणि मराठी यांतील ब आणि भ, द आणि ध यांसारख्या जोड्या मात्र तेवढ्याने नीट वेगळ्या होईनात. आज हेच मापन ‘प्राट’ या विनामूल्य संगणक प्रणालीवर, बऱ्या दर्जाचा मायक्रोफोन आणि शांत खोली एवढ्या सामग्रीवर करता येते. अनेक शहरी भाषकांच्या तोंडी फ हा ओठ न मिटता दातांशी घासून निघत असल्याने अशा प्रयोगासाठी प-फ-ब-भ या मालिकेपेक्षा त-थ-द-ध ही मालिका घेणे शहाणपणाचे ठरते. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या, म्हणजे अंतःकर्णातील श्रवणचेतेला विद्युत्संकेत देणारे उपकरण लाभलेल्या मुलांच्या उच्चारांत हे चार वर्ग वेगळे होतात का, असा प्रश्न, द-ध या जोडीसाठी आणखी एखाद्या मापाची जोड देऊन, याच पद्धतीने तपासता येतो आणि उपचाराची दिशा ठरवण्यास त्याचा थेट उपयोग होतो.

ज्यांना भाषेपेक्षा कानाचे आकर्षण अधिक, त्यांना पुण्यातील ढोल-ताशा पथके हा जवळचा विषय आहे. गोंगाटाचा आघात श्रवणालेखावर, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतेचे किती मंद ध्वनी ऐकू येतात याच्या आलेखावर, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पाडतो. सरावापूर्वी, सरावानंतर लगेच आणि पुरेशा विश्रांतीनंतर अशी तीन मापने घेतली, तर खाच तात्पुरती की टिकणारी याचा अंदाज येतो.

औपचारिक संधींपैकी पदव्युत्तर अभ्यासक्रमातील लघुप्रबंध ही सर्वांत भरवशाची होय, आणि विषय ठरवण्यापूर्वी म्हैसूरच्या संस्थेतील जुने लघुप्रबंध चाळले, तर झालेलेच काम पुन्हा करण्याची वेळ येत नाही. भारतीय वाक्-श्रवण संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्यांना आपले काम जाणकारांसमोर मांडता येते. या क्षेत्रात दुसऱ्या दाराने येणाऱ्यांसाठीही सोयी आहेत. एमबीबीएस व बीडीएसच्या विद्यार्थ्यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती कान-नाक-घसा विभागात काम करण्यासाठी उपयोगी पडू शकते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. आणि भाषाविज्ञानाची आवड असलेल्यांना पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे.

महाविद्यालय निवडताना पालक शुल्क आणि वसतिगृह यांची चौकशी कसून करतात, पण तेथील आचारसमिती नियमित बसते का, हे विचारीत नाहीत. रुग्णांवर किंवा मुलांवर करावयाचा कोणताही अभ्यास अशा समितीच्या मान्यतेशिवाय सुरू करता येत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. या परवानग्यांत सहज काही महिने जात असल्याने विषयाची निवड शेवटच्या वर्षावर ढकलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती माहिती गोळा करण्यास फारच थोडे आठवडे उरतात. उपजीविकेची काळजी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, व्यवसायाचा परवाना भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीवर अवलंबून असतो, शोधनिबंधांच्या संख्येवर नव्हे. परंतु अध्यापनाची किंवा पीएच.डी.ची वाट धरणाऱ्याकडे मुलाखतीत पहिली विचारणा त्या निबंधांचीच होते.