राजाबाई टॉवरचं घड्याळ मागे होतं का?

प्रश्न : आमचे पणजोबा मुंबईत फोर्टात कारकून होते. ‘स्टेशनात एक वेळ आणि राजाबाई टॉवरवर दुसरी’ असं ते म्हणायचे, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. एका शहरात दोन वेळा कशा असतील?
— एक वाचक, रोडपाली (पनवेल)

उत्तर : पणजोबांनी पुडी सोडलेली नाही. त्या काळी मुंबईत खरोखरच दोन वेळा चालत.

आधी हिशेब पाहू. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून प्रत्येक गावाची माध्यान्ह वेगळी. सूर्य माथ्यावर आला की बारा, हीच पूर्वी गावोगावची वेळ. मद्रास मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसात अंशांवर, तेव्हा तिथे बारा अर्धा तास आधी वाजत. रेल्वेला आणि तारखात्याला सगळीकडे एकच वेळ हवी होती. त्यांनी मद्रासची धरली. शहर मात्र ‘मुंबई वेळे’वरच राहिलं. गाडी गाठायची तर मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा.

राजाबाई टॉवर हा मुंबई विद्यापीठाचा २८० फुटी मनोरा १८७८ साली पुरा झाला. देणगी प्रेमचंद रायचंद यांची, नाव त्यांच्या आईचं. मनगटावर घड्याळं येण्याआधीचा तो काळ. मान वर करून वेळ बघायची आणि टोल मोजायचे. म्हणूनच वरचे काटे कुणाच्या वेळेने फिरणार, हा मानाचा प्रश्न झाला.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच) यांच्या सरकारने कचेऱ्यांना मद्रास वेळ लावली. विद्यापीठाच्या घड्याळानेही तीच दाखवावी, नाहीतर रात्री तबकडी उजळण्याचा खर्च मिळणार नाही, असं सरकारने बजावलं. विद्यापीठात मतं घेतली गेली आणि कौल मुंबई वेळेच्या बाजूने पडला. १८८३ मध्ये सरकारनेच आपला हुकूम मागे घेतला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, तीही मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. तरी शहराने हट्ट सोडला नाही. मुंबई वेळ अगदी १९५५ पर्यंत तग धरून होती.

पडताळा घरीच घ्या. रोडपालीत गच्चीवर उन्हात एक काठी उभी करा. सावली सगळ्यात आखूड होईल ती १२ वाजता नव्हे, तर सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास. ऋतूप्रमाणे पाव तास इकडेतिकडे होईल. फोर्टात तोच क्षण मिनिटभर उशिरा येतो. आपल्या मोबाइलवर तेव्हा पाऊण वाजत आलेला असतो. पणजोबांच्या हिशेबाने मात्र तेव्हा कुठे बारा वाजतात.