जुना आयपॉड टच घ्यावा का?

प्रश्न : वडिलांना नाट्यगीते ऐकण्यासाठी वापरलेला आयपॉड टच मिळतो आहे. घ्यावा का?
– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : वापरणारे त्याच्या हलकेपणाचे, हेडफोनच्या जॅकचे कौतुक करतात, तक्रार असते ती बॅटरीची. गाणी आतच साठवलेली असल्याने कोकण रेल्वेच्या बोगद्यातही ती थांबत नाहीत. पण २०१९ चा आयपॉड टच हा शेवटचा. मे २०२२ मध्ये ॲपलने तो बंद केला. त्यावर आयओएस १५ च्या पुढची प्रणाली चालत नाही, मेमरी कार्ड बसत नाही आणि स्वतःकडची गाणी भरायला सहसा संगणक लागतो. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली गेली असेल, तर तो फुकटही घेऊ नका. माझे मत : जॅक आणि मेमरी कार्डाची सोय असलेला साधा मोबाइल वडिलांना अधिक सोपा जाईल.