विहिरीस न पेलणारा पंप

पुणतांबा हे गाव गोदावरीच्या उजव्या तीरावर वसलेले आहे. कालव्याचे आवर्तन चालू असता लाभक्षेत्रातील विहिरी भरलेल्या दिसतात. आवर्तन संपून चैत्र-वैशाख लागला की त्याच विहिरी तळ गाठू लागतात. अशा दिवसांत ठिकठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. मोटार थोडा वेळ चालते, बंद करावी लागते, पुन्हा सुरू करावी लागते, आणि केव्हातरी वाइंडिंग जळते. दोष मोटारीच्या माथी मारला जातो. पुष्कळदा मोटार निर्दोष असते. विहिरीच्या मानाने पंपच मोठा असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम एवढेच पाहावे की, मोटार थांबते त्या वेळी विहिरीत पाणी आहे किंवा नाही. पाणी असूनही पंप पाणी सोडत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळका असण्याचा किंवा शोषण-नळीच्या सांध्यातून हवा शिरत असण्याचा संभव असतो. पाणी असता मोटारच बंद पडत असेल, तर विजेचा दाब कमी आहे काय, एखादा फेज गेला आहे काय, हे तपासावे. परंतु फूट व्हॉल्व्ह उघडा पडून पंप हवा ओढू लागत असेल, तर पुढील माप घेतल्यावाचून कोणताही खर्च करू नये.

माप सोपे आहे. विहीर उपसून पंप थांबवावा आणि खुणा केलेल्या दोरीने एका तासात पाणी किती चढते ते मोजावे. समजा, विहिरीचा व्यास 6 मीटर आहे. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे 28.3 चौरस मीटर भरते, म्हणजे पाण्याची दर 10 सेंटिमीटर चढण 2,830 लिटरची होय. तासात 30 सेंटिमीटर पाणी चढले, तर पाझर तासाला सुमारे 8,500 लिटर झाला. (पाणी मूळ पातळीजवळ येते तसा पाझर मंदावतो, येथे हिशेबाच्या सोयीसाठी तो सारखा धरला आहे.)

आता या विहिरीवर 5 अश्वशक्तीचा पंप असून तो तासाला 43,000 लिटर पाणी उपसतो असे धरू. विहिरीत एक मीटर पाणी साठलेले असेल, तर ते पन्नास मिनिटांत संपते. त्यानंतर शेतकरी पाव तास थांबून बटण दाबतो. तेवढ्या अवधीत साचलेले 2,100 लिटर पाणी चार मिनिटांतही पुरत नाही. वीज आठ तास मिळाली, तर मोटार तेवीस-चोवीस वेळा सुरू होते. एवढे करून पाणी मिळते सुमारे 96,000 लिटर. तासाला 12,000 लिटर उपसणारा लहान पंप एकदाच सुरू होऊन तेवढेच पाणी देतो, कारण झरे पंपाकडे पाहून वाहत नाहीत. मोटेच्या काळी हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. बैल सोडले की विहिरीसही विसावा मिळे.

थेट स्टार्टरवरील मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते. त्या क्षणी वाइंडिंग तापते, आणि ते निवण्यापूर्वी पुन्हा तोच प्रसंग आला की त्यावरील विद्युतरोधक आवरण करपू लागते. कोरड्या चालण्याने पंपाचे सीलही जाते. सन 2024 पासून राज्यात 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळत आहे, त्यामुळे हा अपव्यय बिलात दिसत नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या पावतीवर मात्र तो दिसतो, आणि भर उन्हाळ्यात मोटार दुरुस्तीस गेली की पीक वाळते ते वेगळेच.

पंप बदलणे तत्काळ शक्य नसेल, तर बाहेर पाणी सोडणाऱ्या नळीवरील व्हॉल्व्ह अंशतः बंद करून उपसा कमी करावा. केंद्रोत्सारी पंपावर यामुळे भार वाढत नाही, उलट घटतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून मात्र पंप चालवू नये, आणि शोषणाच्या बाजूस अडथळा तर कधीच करू नये. वीज येताच मोटार सुरू करणारा ‘ऑटो’ विहिरीत पाणी आहे की नाही हे पाहत नाही. त्याऐवजी पाण्याच्या पातळीवर चालणारे नियंत्रक बसवावे, व थांबण्याची आणि सुरू होण्याची पातळी यांत निदान पाऊण मीटर अंतर ठेवावे. हे अंतर चार बोटांचे ठेवल्यास नियंत्रक असूनही मोटार पूर्वीसारखीच चालू-बंद होत राहील.

नवा पंप घेताना केवळ उन्हाळ्याचे माप धरले, तर रब्बीत तो अपुरा पडेल. फेब्रुवारीतील पाझर धरून पंप निवडावा आणि उन्हाळ्यात व्हॉल्व्हने उपसा आवरावा, हे बरे. वरील विहिरीस पाणी एकंदर 15 मीटर उंच चढवायचे असल्यास उन्हाळ्यापुरते 2 अश्वशक्ती पुष्कळ होतात. 3 अश्वशक्तीच्या पंपाने दोन्ही हंगाम साधण्याचा संभव अधिक. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जमिनीच्या क्षेत्रावरून 3, 5 किंवा 7.5 अश्वशक्तीचा पंप अनुज्ञेय ठरतो. ती पात्रतेची मर्यादा आहे, विहिरीचे माप नव्हे. विहीर खोल केल्यास किंवा तिला आडवे बोअर घेतल्यास वरीलप्रमाणे दोरीने पुन्हा माप घ्यावे, आणि पाझर प्रत्यक्ष वाढल्याचे दिसले तरच मोठ्या पंपाचा अर्ज करावा.