बाबांची कॉन्टेसा आणि पुतण्याचा टर्बो

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि व्यवहार

प्रश्न : आमच्या बाबांनी १९९६ साली नवी घेतलेली कॉन्टेसा क्लासिक आमच्या जिनिंगच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. बाबा गेल्या दिवाळीनंतर वारले. गाडी पेट्रोलवरची, इसुझू इंजिनाची, चालू स्थितीत आहे; आरसी बुक अजून बाबांच्याच नावे आहे. माझा पुतण्या नागपुरास इंजिनिअरिंग शिकतो. त्याचे म्हणणे असे की, आपल्या देशात 'मसल कार' म्हणावी अशी हीच एक गाडी झाली, तेव्हा तीत मोठे इंजिन, टर्बो, रुंद चाके आणि मोकळा सायलेन्सर बसवावा. नागपूरच्या एका कारागिराने सहा लाखांचा अंदाज दिला आहे, आणि सायलेन्सर तर पुतण्याने बसवूनही टाकला. मला वाटते, त्यापेक्षा हीच गाडी विकावी, वर भर घालून वेगवान नवी गाडी घ्यावी. नाहीतर हैदराबादेस दीडशे अश्वशक्तीची, तीन वर्षे वापरलेली एक गाडी नऊ लाखांस मिळते आहे, ती आणावी. आई म्हणते, गाडी विकायची नाही. बहीण वणीला दिली आहे, धाकटा भाऊ नागपुरास आहे. शहाणपणाचे काय?
— एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : आपण तिन्ही मार्गांचा हिशेब मांडलात, पण त्या तिन्हींच्या अलीकडे उभा असलेला एक प्रश्न पत्रात कोठेच आलेला नाही, आणि तो असा की ही गाडी आज कोणाची? आपल्या वडिलांनी मृत्युपत्र केले असल्याचा उल्लेख आपण करीत नाही. ते केलेले नसेल आणि गाडी त्यांच्या स्वकष्टार्जित पैशाची असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यान्वये आपल्या मातोश्री, आपण, आपले बंधू आणि वणीच्या ताई असे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस, आणि चौघांचा हिस्सा सारखा. म्हणजे ज्या वस्तूवर आपले घर सहा लाख रुपये ओतावयास निघाले आहे, तीत आपली मालकी चार आण्यांची आहे, आणि पुतण्याची तर, त्याचे वडील हयात असल्यामुळे, एका पैचीही नाही. मातोश्रींचे 'विकायची नाही' हे शब्द आपण भावनेच्या सदरात टाकलेले दिसतात. ते एका सहमालकाची हरकत म्हणूनही वाचले पाहिजेत, कारण चौघांच्या संमतीवाचून या गाडीची विक्री जशी रीतसर होणार नाही, तसाच तिच्यात मोठा फेरफार करण्याचा अधिकारही कोणा एकास पोचत नाही.

नियम असे सांगतो की, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या आपल्या इराद्याची वर्दी द्यावी, तशी दिल्यास तीन महिनेपर्यंत ती वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती आपल्या नावे करून घ्यावी. ही मुदत आपल्या बाबतीत उलटलेली दिसते. त्याने हक्क बुडत नाही, विलंबाचा भुर्दंड मात्र बसतो. विम्याचेही तसेच आहे. एकट्या विमेदाराच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मूळ मुदत, यांतील जे आधी संपेल तेथपर्यंतच जिवंत राहते. त्यानंतर गाडी शेडमधून बाहेर काढून पुतण्याने पांढरकवड्याच्या बाजारपेठेतून फिरविली असेल (आणि सायलेन्सर बसविल्यावर ती फिरविली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही), तर ती विम्यावाचून फिरली असे धरून चालावे. तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र आणि उरलेल्या तिघांचे ना-हरकत पत्र घेऊन यवतमाळचे परिवहन कार्यालय गाठणे हे पहिले काम. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचे नाव आधीच नोंदविण्याची सोय झाली आहे. गाडी ज्याच्या नावे होईल त्याने ती सोय जरूर वापरावी.

आता मूळ वादाकडे. पुतण्या गाडीचा पारखी आहे यात शंका नाही. पश्चिम बंगालातील उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडातील व्हॉक्सहॉल व्हिक्टर या गाडीच्या साच्यांवरून १९८४ पासून २००२ पर्यंत काढलेली ही गाडी, लांब नाक, रुंद छाती आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे दिसावयास अमेरिकी घराण्याची वाटे, परंतु आरंभी तिच्या पोटात ॲम्बेसेडरच्या कुळातले दीड लिटरचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर कोठे ती सुमारे अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचली. रूप आणि शक्ती यांतील ही तफावत भरून काढावी असे वीस वर्षांच्या मुलास वाटणे हे त्या वयास साजेसेच आहे. पण मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ त्या इच्छेच्या वाटेत उभे आहे. उत्पादकाने मूळ जे तपशील ठरविले त्यांच्याशी आरसीतील तपशील विसंगत होतील असा फेरफार मालकाने करू नये, हा त्या कलमाचा गाभा. आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या प्रकरणात, केरळातील नियमांचा आधार देऊनही ही मर्यादा ओलांडता येणार नाही, असा स्पष्ट निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ असे सांगते की, अनुमती नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा फेरफारागणिक पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम सहा लाखांपुढे किरकोळ वाटेल. तिचे भय दाखविण्याचा माझा हेतूही नाही. खरा तोटा पुढे आहे.

इंजिन बिघडले म्हणून परवानगीने त्याच बनावटीचे, त्याच जातीचे दुसरे बसविणे ही गोष्ट निराळी, आणि नोंदणी अधिकारी तिची नोंद आरसीत करून देतो. मोठ्या घनक्षमतेचे, परक्या घराण्याचे इंजिन घालून वर टर्बो चढविणे ही निराळी, कारण तशी गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी असते. विमा कंपनी कागदावरच्या गाडीचा विमा उतरविते. फेरफार दडविला, तर अपघातानंतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्यास ते कारण पुरेसे होते, आणि महत्त्वाची वस्तुस्थिती लपविल्याचा बचाव कलम १५० खाली तिऱ्हाइताच्या दाव्यातही कंपनीस उपलब्ध असतो. न्यायाधिकरणे पुष्कळदा कंपनीस आधी जखमीस भरपाई द्यावयास लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. मालक म्हणजे आपण, आणि आपल्यामागे जिन आहे, शेती आहे, म्हणजे वसुलीस जागा आहे. सहा लाखांची सुधारणा ही अशा रीतीने साठ लाखांच्या जबाबदारीचे प्रवेशद्वार ठरू शकते.

यात यंत्रशास्त्राचाही एक मुद्दा आहे, आणि तो पुतण्यास माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असावयास हवा. वेग दीडपट झाला की गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० ने येणारी गाडी थांबविताना ब्रेकवर सव्वादोनपट भार पडतो. कॉन्टेसाचा सांगाडा, तिचे स्टिअरिंग, तिचे ब्रेक हे सारे १९७० च्या दशकातील आराखड्याचे आहे. कारागिराचा सहा लाखांचा अंदाज मी पाहिलेला नाही, पण आपण इंजिन, टर्बो, चाके आणि सायलेन्सर एवढेच लिहिता. ब्रेकचे एक अक्षरही नाही. ज्या अंदाजपत्रकात धावण्याचा खर्च आहे आणि थांबण्याचा नाही, ते मी परत पाठविले असते.

आणि पैशाचे म्हणाल तर, कॉन्टेसाची किंमत आज जी आहे ती तिच्या मूळपणाची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. आपल्या गाडीस तो मान मिळावयास २०४६ साल उजाडावे लागेल, हे खरे, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरास काढताही येत नाही. परंतु हौशी खरीददार आजही त्याच नजरेने गाडी पाहतो. नागपूरच्या कारागिराने चढविलेला टर्बो त्याच्या हिशेबी जमेच्या बाजूस बसत नाही. तो उतरवून मूळ सामान शोधण्याचा खर्च मात्र तो सांगितलेल्या किमतीतून वजा करतो. कायद्याने फेरफारासाठी उघडे ठेवलेले एक दार आहे खरे: बॅटरी, सीएनजी वा एलपीजीवर चालविण्यासाठी संमत किट बसविण्याचे. पुण्याची एआरएआय अशा किटची चाचणी घेते. पण विजेवरची कॉन्टेसा पुतण्यास चालेल काय, हे मला सांगता येत नाही. तिला सायलेन्सरच नसतो.

आता आपल्या मार्गाकडे. दीड लिटरच्या टर्बो इंजिनाच्या व्हर्टस किंवा स्लाव्हिया या गाड्या कारखान्यातूनच १५० पीएसच्या येतात, दीड लिटरचीच टर्बो व्हर्ना १६० पीएसची. म्हणजे पुतण्यास हवी ती ताकद, तिच्या मापाच्या ब्रेकसह, एअरबॅगसह आणि कंपनीच्या हमीसह. या आकाराच्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, पूर्वीच्या कर आणि उपकर यांच्या बेरजेपेक्षा थोडा कमी. महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीस १२ टक्के, म्हणजे सोळा लाखांच्या गाडीस १ लाख ९२ हजार. विम्याच्या हिशेबात पाचव्या वर्षाअखेर तीच गाडी निम्म्यावर येते. हे सारे सोसण्याची ऐपत आपणांस आहे की नाही ते यंदाच्या कापसाच्या भावाला विचारावे.

हैदराबादच्या गाडीचा मोह मला समजतो, कारण पांढरकवड्याहून हैदराबाद म्हणजे एका सरळ रस्त्याचे दुसरे टोक. परंतु नऊ लाख हा तिचा शेवटचा आकडा नव्हे. तेथील परिवहन कार्यालयाचे नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५, पोलिसांकडील निर्वेध दाखला, यवतमाळला नवी नोंदणी, आणि महाराष्ट्राचा वाहन कर, जो गाडीचे वय पाहून आकारला जातो, असा तो प्रवास आहे. तेलंगणात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मागणे आणि तो हाती पडणे यांत अंतर असते. 'टीएस' किंवा २०२४ नंतरची 'टीजी' पाटी तशीच ठेवून गाडी वर्षानुवर्षे इकडे चालविणारे लोक आपल्या भागात मी पाहतो. नाव आपले न करता, विक्रेत्याच्या नावावर गाडी चालविण्यासारखा धोका दुसरा नाही, आणि तो विक्रेत्याइतकाच आपणांसही आहे.

एवढे झाल्यावरही एक गोष्ट विचारतो: हा वेग वापरणार कोठे? आपल्या दारातून जाणारा ४४ क्रमांकाचा, म्हणजे पूर्वीचा ७ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी असला, तरी केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि स्थानिक फलक तीही कमी करू शकतो. टिपेश्वरच्या बाजूला संध्याकाळी रोही रस्त्यावर येतात, हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते. आपली ८८ अश्वशक्तीची जुनी कॉन्टेसाही तेथे ती मर्यादा गाठू शकते. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि संघटित शर्यतीत वापरलेल्या गाडीवर विमा लागू होत नाही. खऱ्या वेगाची हौस असेल तर मुलास कोईमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर शिकण्यास पाठवावे. त्याचा खर्च टर्बोपेक्षा पुष्कळ कमी येईल.

माझा सल्ला असा. कॉन्टेसा विकू नये, वाढवूही नये. चौघांच्या संमतीने ती एकाच्या नावे करावी, आणि तो एक जण शक्यतो तीत खरोखर बसणारा असावा. तिच्यावर खर्च करावयाचाच तर ब्रेक, टायर, रबरी नळ्या, वायरिंग आणि रेडिएटर यांवर करावा. इसुझूचे हेच इंजिन पुढे ॲम्बेसेडरलाही बसविले गेल्यामुळे त्याचे सामान आणि त्यावर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. मूळ स्वरूप राखणाऱ्या अशा दुरुस्तीस कोणाची परवानगी लागत नाही. खाजगी गाडी पंधरा वर्षांनी भंगारात घालावीच लागते असा एक समज पसरला आहे; तसे सक्तीचे बंधन दिल्ली परिसरातील आहे, आपल्याकडे तपासणीत उतरलेल्या गाडीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. वीस वर्षांवरील मोटारीस त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे, पर्यावरण कर वेगळा. आपली नोंदणी १९९६ ची असल्याने आरसीवरील मुदतीची तारीख आजच पाहावी. वेगवान गाडी हवीच असेल तर ती नवी घ्यावी, आपल्या स्वतःच्या पैशाने, आणि कॉन्टेसाच्या विक्रीचा आकडा त्या हिशेबातून सरळ काढून टाकावा. तो पैसा पूर्ण आपला नव्हताच.

राहिला सायलेन्सर. आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीस कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि चालकाचा परवाना तीन महिने रद्दबातल, अशी तरतूद आहे, आणि बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ते चित्र पुतण्याने पाहिलेच असेल. जुना सायलेन्सर त्याने भंगारवाल्यास दिला नसेल, अशी आशा आहे. यवतमाळला तपासणीसाठी गाडी नेण्यापूर्वी तो पुन्हा बसवून घ्यावा, आणि नेताना नव्या विम्याची प्रत गाडीत असावी.