थ्री नॉट थ्री हातात घेण्याआधी

पोरा, ट्रेनिंगला तुझ्या हाती थ्री नॉट थ्री येईल. 1907 सालच्या बनावटीची रायफल म्हणून तिला हलकं समजू नकोस. आर्मरर म्हणून माझी सगळी नोकरी या रायफली उघडण्या-पुसण्यात गेली, म्हणून सांगतो.

कुणी 'खाली आहे' म्हणून हातात दिली तरी नळीचं तोंड टारगेटकडे ठेव, बोट चापाबाहेर. मॅगझिन काढ, बोल्ट मागे ओढ आणि चेंबरमध्ये करंगळी घालून बघ.

मग बोल्टच्या दांडीच्या मुळाशी कोरलेला नंबर रायफलीच्या नंबराशी ताडून बघ. साफसफाईच्या वेळी एकाच चादरीवर दहा-बारा बोल्ट निघतात आणि घाईत अदलाबदल होते. दुसरीचा बोल्ट बसतो, फिरतोही. पण राऊंडच्या मागे किती फट राहावी ते त्या-त्या जोडीचं ठरलेलं असतं. फट वाढली की पुंगळी आतच फाटते आणि तापलेला वायू तुझ्या तोंडावर येतो. नंबर जुळत नसेल तर शस्त्रागारात परत कर, उस्तादांनी कितीही घाई केली तरी. अंगावर 'डीपी' असा शिक्का असेल तर ती फक्त कवायतीची, तिच्यात राऊंड घालायचाच नाही. आणि चौकोनी, 12 राऊंडच्या मॅगझिनची दिसली तर ती ईशापूरची 7.62. तिचा राऊंड वेगळा, इकडचा तिकडे चालत नाही.

भरताना नीट लक्ष दे. या राऊंडच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या राऊंडची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली, तर बोल्ट वरच्याला ढकलताना त्याची कडा खालच्याला अडते आणि दोन्ही फसतात. म्हणून प्रत्येक राऊंड दाबला की अंगठ्याने पुढे-मागे चाचपून बघ. सवय झाली की अंगठ्यालाच कळतं.

दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट रोव. सैल धरलीस तर धक्का हाडावर बसेल. चापाला दोन दाब आहेत. पहिला घे, श्वास अर्धा सोडून थांब, नळीच्या टोकावरची माशी स्पष्ट दिसू दे, मग दुसरा हळूहळू. या रायफलीची स्प्रिंग बोल्ट पुढे सारताना चढते, म्हणून शेवटचा भाग जोर लावूनच सार. बार वाजला नाही तर नळी टारगेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांब. लगेच बोल्ट उघडायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या राऊंडच्या टोपीतला मसाला जळला की नळीत क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढतो, आणि कोकणातल्या पावसात तर एका रात्रीत नळी तांबडी होते. तेलाने हा क्षार जात नाही, पाण्यानेच विरघळतो. म्हणून त्याच संध्याकाळी, बोल्ट काढून, चेंबरकडून नरसाळ्याने उकळतं पाणी सोड. पाणी लाकडात जाऊ देऊ नकोस. नळी इतकी तापते की हाताने धरवत नाही, आणि त्याच तापाने ती आतून सुकते. मग फुलथ्रूच्या दोरीला कोरडी चिंधी लावून चेंबरकडून तोंडाकडे ओढ, उलटी कधीच नाही. दोरी तोंडाच्या कडेला घासू देऊ नकोस, तिथे झीज झाली की नेम गेला. चिंधी स्वच्छ निघाली की तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी मारून बघ, काळी निघाली तर पाणी पुन्हा. लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल बास. आणि पुढच्या गोळीबाराआधी नळीतलं तेल पुसून टाकायला विसरू नकोस.